पर्यावरणाचा राहिलेला पेपर

माझी सून सुकन्या बी.ए.च्या सगळ्या विषयांत पास झाली, इतिहासात तर तिच्या कॉलेजात पहिली आली, आणि तरी ती तेव्हा पदवीधर झाली नाही. एका पेपरापायी. तो पेपर कोणामुळे राहिला याबद्दल आमच्या गावात दोन मतं होती. काहीजण कॉलेजला नावं ठेवायचे, काहीजण माझ्या लेकाला, आदिनाथला. मी दोघांनाही कधी थांबवलं नाही. म्हणून आता लिहून राहिले.

सुकन्या उमरीची. नांदेडच्या कॉलेजात एक वर्ष झालं होतं तेव्हा लग्न ठरलं. तिच्या वडिलांनी, लक्ष्मणरावांनी, बैठकीत एकच अट घातली. हुंडा, मानपान, सगळं तुमच्या मनासारखं, म्हणाले, फक्त लेकीचं शिक्षण थांबवू नका. अहमदपूर तालुक्यातली आमची चाळीस माणसं ऐकत बसली होती. मी म्हणाले, "लक्ष्मणराव, चांगुणाबाईचा शब्द हाय. पदवीचा कागद घेऊनच ती आमच्या घरात पाणी भरंल." माणसं हसली. मलाही माझंच बोलणं आवडलं.

मग सून आली, पण नांदायला आली ती शनिवार-रविवारची. कॉलेजला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते म्हणे, म्हणून सोमवार ते शुक्रवार ती उमरीला राहून रेल्वेनं नांदेडला जायची. शेजारची सिंधु मला विचारायची, "चांगुणाबाई, सून आणली की पाव्हणी?" मी वरून हसायचे.

पदवीला काय काय लागतं ते सुकन्यानं मला एकदा भाकरी थापता थापता समजावलं होतं. सहा सत्रं. प्रत्येक विषयाचे ठरलेले क्रेडिट, त्यातला एकही कमी चालत नाही. हे सगळं सहा वर्षांच्या आत. आणि पर्यावरणाचा एक पेपर, सक्तीचा, कॉलेजच घेतं. त्याचे मार्क टक्केवारीत धरत नाहीत, पण तो सुटल्याबिगर पदवी देत नाहीत.

"धरत न्हाईत तर घेतेत कशाला?" मी विचारलं.

"पानात लिंबाची फोड कोण मोजतंय, आत्याबाई. पर वाढायची राहिली तर तुम्हीच बोल लावता."

उलट बोलणारी नव्हती ती. पण तिच्यापाशी उत्तर असायचं, आणि ते मला टोचायचं.

त्या वर्षी पर्यावरणाचा पेपर नेमका येळवशीच्या दिवशी आला. आमच्याकडं येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, ज्वारीचे उंडे, गव्हाची खीर, आणि ताकातली आंबील. नव्या सुनेनं पहिल्या येळवशीला आंबिलाचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, डोक्यावर घेऊन घरापासून शेतापर्यंत चालायचं, ही आमच्या घरची रीत. मी चालले, माझी सासू चालली. पाव्हण्या-रावळ्यांना आवतण देऊन झालं होतं, साठ माणसांची भज्जी होती.

सुकन्यानं दोन दिवस आधी सांगितलं, "आत्याबाई, मी सकाळच्या गाडीनं जाते, पेपर देते आन दुपारी रानात येते."

"दुपारी? दुपारी काय खरकटं काढायला येतीस? कशाचा पेपर हाय?"

"पर्यावरणाचा."

"म्हणजे झाडं, माती, पाणी. मग चल की रानात, तिथं सगळंच हाय."

बाया हसल्या. माझी लेक राजकन्या माहेरी आली होती, तीही हसली. सुकन्यानं आदिनाथकडं पाहिलं. आदिनाथनं चुलीकडं पाहिलं. मी म्हणाले, ज्याचे मार्क धरत न्हाईत त्या पेपरापायी घरची रीत मोडायची न्हाई, पुढच्या वर्षी दे.

तिनं बिंदगं घेतलं. वाटेत थेंब सांडला नाही. सगळ्यांनी वाखाणली. मी समजले, विषय मिटला.

इथपर्यंतची चूक मी कोणालाही सांगू शकले असते. अडाणीपणाची होती. चार बाया म्हणाल्या असत्या, तुम्हाला काय ठाऊक, चांगुणाबाई. पुढची चूक अडाणीपणाची नाही.

तिसरं वर्ष संपलं. त्या साली परीक्षा लांबल्या होत्या, पर्यावरणाचा राहिलेला पेपर तर पुढंच ढकलला होता, निकाल दसऱ्याच्या आसपास लागला. पर्यावरण सोडून सगळं पास, एकाहत्तर टक्के. लक्ष्मणराव दोन किलो पेढे घेऊन आले, घरोघर वाटत फिरले. पारावर कोणीतरी म्हणालं, "चांगुणाबाईचा आदिनाथ बारावी नापास, आन सून बी.ए. आता घरात साहेब कोण?" लक्ष्मणराव साधा माणूस, तेही हसले. मी तोंडाशी नेलेला पेढा परत डब्यात ठेवला. माझी राजकन्या शाळेत हुशार होती. दहावीला तिला सत्तरच्या वर मार्क होते, आणि मीच तिचं लग्न लावून दिलं. बाई शिकून काय करती, हे वाक्य माझं होतं. लक्ष्मणरावांच्या पेढ्यांनी ते वाक्य गावभर खोटं पडलं.

त्याच आठवड्यात फोन आला. सुकन्याचं जुनं सिम बंद पडलं होतं, म्हणून आदिनाथनं कॉलेजात माझा नंबर दिला होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "सुकन्या बाईंचं घर का? मी कॉलेजातून शेषेराव क्लार्क बोलतो. त्यांचा पर्यावरणाचा पेपर राहिलाय, तो सोमवारी अकरा वाजता हाय. प्रोजेक्टची फाइल संगं आणायची. जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा हाय बाई, एवढं नक्की सांगा."

मी म्हणाले, "हाव, सांगते."

सुकन्या अंगणात सोयाबीनचं पोतं शिवत होती, माझ्यापासून दहा पावलांवर. सोयाबीनची काढणी चालू होती, मजूर मिळत नव्हते, असं मी पुढं कित्येकदा मनाला सांगितलं. ते निमित्त होतं. सोमवारी ती गेली असती तर एका दिवसानं सोयाबीन काही उगवून आलं नसतं. मला तिला ते सांगायचं नव्हतं. सोमवार आला. अकरा वाजले तेव्हा मी घड्याळाकडं पाहिलं होतं.

दिवाळी झाल्यावर ती आपणहून कॉलेजात गेली. परीक्षा होऊन गेली, ज्यांना कळवायचं त्यांना कळवलं, असं तिथं कोणीतरी सांगितलं. परत आली ती डोळे सुजवून.

"आत्याबाई, कॉलेजचा फोन आलता का तुमच्याकडं?"

"न्हाई बा. कुठला फोन?"

एवढंच बोलले. एवढं बोलायला किती वेळ लागतो?

पुढच्या वर्षी ती बाळंत झाली. वर्षाराणी जन्मली. त्यानंतर चौकशी केली तर जुना अभ्यासक्रम बंद झाला होता. सुकन्या त्या क्लार्कला शिव्या द्यायला लागली. चांगल्या घरची लेक, पण शेषेरावाचं नाव निघालं की तिच्या तोंडून असं काही निघायचं की आदिनाथ उठून बाहेर जायचा. "खुर्ची उबवायचा पगार खाऊन राहिलेत. एक फोन करायला काय हात झडत होते?" मी भाजी निवडत असायचे. मी म्हणायचे, "सरकारी माणसं तसलीच असतेत." दरवेळी म्हणायचे. दोन वर्षं.

यंदा तलाठ्याच्या जागा निघणार अशी बातमी आली. त्याला कुठलीही पदवी चालते, पण पदवी पाहिजेच. सुकन्यानं हिशोब केला, कॉलेजात नाव घातल्याला जूनमध्ये सहा वर्षं पूर्ण होतात. त्यानंतर आधीचं सगळं शिकलेलंही वाया. ती आदिनाथला घेऊन नांदेडला गेली, थेट प्राचार्य बाईंना भेटली. संध्याकाळी आली ती चेहरा उजळून.

"आत्याबाई, रस्ता निघालाय. विद्यापीठाकडून खास परीक्षा मागता येती, पर कॉलेजची चूक असली तरच. मला कळवलंच न्हवतं असं ठरलं पाहिजे. त्या शेषेरावानं रजिस्टरात लिवून ठेवलंय, घरी फोन करून कळविले म्हणून. खोटं लिवलंय. तुमचा नंबर लिवलाय. तुम्ही बुधवारी माझ्यासंग चला आन मॅडमपुढं सांगा, असला फोन आलाच न्हवता."

"मी कशाला? आदिनाथला ने."

"फोन तुमचा हाय ना."

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही बोलायला लागल्यावर त्या क्लार्कची काय बिशाद. तुमच्या तोंडाला सगळं गाव भितंय." ती हे प्रेमानं म्हणाली. तिला माझा अभिमान वाटत होता. मला जेवण गेलं नाही. आदिनाथनं विचारलं, "माय, काय झालं?" मी म्हणाले, पित्त.

बुधवारी अहमदपूरहून सकाळच्या एस.टी.नं निघालो. लोह्यापर्यंत मी मनात वाक्य घोळवत होते. फोन आला नव्हता. तीन शब्द. बोलले की सुकन्याला परीक्षा मिळणार होती. खरं बोलले तर कॉलेजची चूक उरत नव्हती, आणि परीक्षाही नाही. म्हणजे खोटं बोलण्यातच तिचं भलं होतं. देवानंच सोय करून ठेवली, असं मी स्वतःला पटवत आणलं. सुकन्या शेजारी बसून मला शिकवत होती, "मॅडम विचारतील, नंबर तुमचाच का. तवा हाव म्हणा. मग विचारतील, त्या दिवसांत फोन बंद होता का. न्हाई म्हणा."

कॉलेजात प्राचार्य बाई मीटिंगमध्ये होत्या. आम्हाला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं. सुकन्या अर्जाची झेरॉक्स काढायला गेटाबाहेर गेली. तेवढ्यात आतून एक माणूस रजिस्टर काखेत धरून आला. साठीकडं झुकलेला, बारीक, शर्टाच्या खिशात तीन पेनं. माझ्याशेजारी अंतर ठेवून बसला.

"तुम्ही सुकन्या बाईंच्या सासू?"

"हाव."

त्यानं मान हलवली. "मी शेषेराव. हाव म्हणलात आन आवाज ओळखला. तवाही असंच म्हणलात, हाव, सांगते."

मी पदर सारखा केला आणि बाकावर सरकून बसले.

"म्या रजिस्टरात खोटं लिहीत न्हाई, बाई. बत्तीस वर्षं झाली." तो आवाज खाली आणून बोलत होता, वाकड्यात जात नव्हता. "पर तुम्ही आत जाऊन फोन आला न्हाई असंच सांगा. मी म्हणतो, नंबर चुकून दुसऱ्याला लागला असंल. मला एक मेमो भेटंल. चार महिन्यांत रिटायर होऊन राहिलोय, मेमोचं काय लोणचं घालायचं? पोरीची परीक्षा होऊन जाऊ द्या. हुशार हाय ती."

"तुमच्या पेन्शनीला काही?"

"होतंय थोडं मागंपुढं. चालतंय."

एवढं बोलून तो उठला, आणि जाता जाता माझ्यासाठी पाण्याचा ग्लास पाठवून दिला.

मी तो ग्लास हातात धरून बसले. आयुष्यात मी कोणाचं फुकट घेतलं नाही. नवरा गेला तेव्हा भावाचं धान्य परत पाठवलं. आणि हा परका माणूस, ज्याला माझ्या ओट्यावरून दोन वर्षं शिव्या पडल्या, तो माझं पाप अंगावर घेऊन मला मोकळं सोडत होता, जसं काही मी हात पसरून बसले होते. मला त्याचा राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. लाज त्याच्यामागून आली.

आत बोलावलं. प्राचार्य बाई तरुण होत्या, माझ्या राजकन्येच्या वयाच्या. शेषेराव भिंतीला लागून उभा होता. सुकन्या माझ्या उजव्या हाताला बसली. बाईंनी नंबर वाचला.

"हा तुमचाच नंबर ना, आजी?"

"हाव."

"या तारखेला कॉलेजातून फोन आला होता का?"

शेषेराव खाकरला. "मॅडम, त्याचं काय हाय, तवा नंबर फिरवताना माझ्याकडून..."

"तुम्ही गप बसा," मी म्हणाले. "फोन आलता. म्याच उचललाता. सोमवार, अकरा वाजता, फाइल आणायची, शेवटची परीक्षा. सगळं नीट सांगितलंतं ह्यांनी. म्या सुनेला सांगितलं न्हाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "विसरलात का?"

विसरले म्हणायची सोय बाईंनी करून दिली होती. बिचारीचा काही वाईट हेतू नव्हता.

"न्हाई. ध्यानात होतं. सांगायचं न्हवतं म्हणून न्हाई सांगितलं. नंतर तिनं विचारलं तवा फोन आला न्हाई म्हणलं. त्याच्या आधीचा पेपरही म्याच बुडवला, येळवशीपायी. ह्या माणसाची काही चूक न्हाई. माझ्या सुनेची तर न्हाईच न्हाई."

सुकन्याकडं मी पाहिलं नाही. तिच्या बांगड्या एकदा वाजल्या, मग वाजल्या नाहीत.

प्राचार्य बाईंनी रजिस्टरातली ती नोंद पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "म्हणजे कॉलेजनं कळवलं, पण विद्यार्थिनीला कळलं नाही. नियमात विद्यार्थिनीला कळवावं असं आहे, घरच्यांना असं नाही. असं कारण आजवर कोणी दिलं नाही. कोण देणार? विद्यापीठ मान्य करेल की नाही, मी सांगू शकत नाही. तुम्ही हे लिहून द्याल?"

"देते."

"नावानिशी जाईल. विद्यापीठात चार लोक वाचतील."

"वाचू द्या."

शेषेरावानं कागद दिला, खिशातलं पेन दिलं. चौथीपर्यंतची शाळा झालेली, अर्धं पान लिहायला मला पाऊण तास लागला. कोणी घाई केली नाही. 'मुद्दाम' हा शब्द लिहिताना हात थांबला. शेषेराव हळूच म्हणाला, "तेवढा गाळला तरी चालंल, बाई." मी लिहिला. खाली सही केली, चांगुणाबाई, आणि सुकन्यापुढं कागद ठेवला. तिनं वाचला, बाजूला सरकवला आणि शेषेरावासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, मी तुम्हाला लई वाईट बोलले. गावात, घरात. तुम्हाला ठाऊकही न्हाई." आणि वाकून त्याच्या पाया पडली. तो मागं सरकत होता, "अगं, पोरी, अगं." माफी मागायची होती मी, ती तिनं मागितली, माझ्या डोळ्यांदेखत.

आम्ही रिक्षानं स्टँडला आलो. तिथं उतरल्यावर ती म्हणाली, "मी उमरीला जाते. परीक्षेचं ठरेपर्यंत तिथंच राहते. वर्षाराणीला ह्यांच्यासंग उद्या पाठवा."

"सुकन्ये."

"फोनचं मला एवढं न्हाई, आत्याबाई. एक दिवस माणसाचं मन फिरतंय. पर दोन वर्षं मी त्या म्हाताऱ्याला शिव्या देत होते आन तुम्ही शेंगा सोलत ऐकत होता. मी तुमच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले होते."

मला आठवतं. मी तिच्या केसांत तेल घातलं होतं त्या दिवशी.

मी अहमदपूरच्या गाडीत एकटी चढले. घरी आदिनाथला सांगितलं. तो सकाळी लेकीला घेऊन उमरीला गेला आणि चार दिवस तिकडंच राहिला. सिंधु आली, सून कुठं म्हणून विचारायला. परीक्षेला गेली म्हणाले असते तर खोटं नव्हतं. पण मग सिंधु कॉलेजवाल्यांना बोल लावायला लागली, आणि मी तिला खाली बसवून सगळं सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. पारावरून जाताना आता माणसं बोलणं थांबवतात. आधीही थांबवायची, पण ते भ्यायल्यामुळं.

लक्ष्मणरावांकडं मी स्वतः गेले. त्यांनी चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं. "चाळीस माणसांत शब्द दिलाता तुम्ही," एवढंच म्हणाले. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

विद्यापीठाची मंजुरी बावीस दिवसांनी आली. मे महिन्यात, कॉलेजच्या एका खोलीत, सुकन्या एकटीनंच तो पेपर दिला. शेषेराव पर्यवेक्षक होता. ती पास झाली. सहा वर्षं भरायला एकोणीस दिवस बाकी होते.

आता ती आमच्याकडं परत आली आहे. पदवीचा कागद यायचा आहे, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. मला आत्याबाई म्हणते, पानात सगळं वाढते, औषधाची वेळ चुकू देत नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. मी बोलले की पूर्वीसारखं टोचणारं उत्तर तिच्याकडून येत नाही, आणि मीही जास्त बोलत नाही. दुपारी ती पुस्तक घेऊन ओट्यावर बसते तेव्हा मी वर्षाराणीला घेऊन मागच्या दारी जाते, तिला त्रास नको म्हणून. पोरगी विचारते, "आजी, इथं का?" मी म्हणते, "आई अभ्यास करून राहिलीय." पेपर तिला कसा गेला होता, हे मी आदिनाथकडून ऐकलं. तिला विचारायचं धाडस अजून मला झालेलं नाही.